अजून महिना पडलाय

मला कुणी "अजून महिना पडलाय" असं म्हटलं की समजावं, ते काम बुडालं. हातात तासभर असला तर शेवटच्या दहा मिनिटांत मी ते काम असं झकास करते की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. चार दिवस असले तर चौथ्या दिवशी संध्याकाळी, धापा टाकत का होईना, पण करते. महिना मात्र मला झेपत नाही. महिना म्हणजे मोकळं रान, आणि मोकळ्या रानात मी वासरासारखी उधळते.

त्यात हा महिना होता अधिक. आमच्या परभणीकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. साधारण तीन वर्षांनी एकदा येतो. या महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचे, जावयाचे पाय धुवायचे आणि तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे मांडून, वर दिवा लावून ते वाण त्याच्या हाती द्यायचं. लग्नानंतरचा पहिला धोंडा तर कुणी चुकवत नाही. चुकला तर पुढचा तीन वर्षांनी, आणि तेव्हा तो काही पहिला राहत नाही.

यंदाचा पहिला धोंडा माझ्या धाकट्या बहिणीचा होता. आमची आई गेली तेव्हा ती चौथीत होती. वडील काही वर्षांपूर्वी गेले. हिवाळ्यात तिचं लग्न झालं, मानवतच्या एका भरल्या घरात, आणि कन्यादान मी आणि माझ्या नवऱ्यानंच केलं. तिचं माहेर म्हणजे आम्ही दोघं आणि आमचं तीन खोल्यांचं घर. तिच्या सासरच्या गल्लीत, दळणाच्या गिरणीवर, पाण्याच्या टाकीपाशी, बायका त्या महिन्यात नव्या सुनेला एकच प्रश्न विचारतात, "माहेराहून बोलावणं आलं का?" हो म्हटलं की पुढे चालू लागतात. नाही म्हटलं की थांबतात, आणि ते थांबणं वाईट. हे सगळं मला माहीत होतं. मला करायचं होतं ते एवढंच: तिच्या सासूबाईंना रीतसर फोन करून दिवस ठरवायचा, आणि अनारशासाठी तांदूळ भिजत घालायचे. शाळेला उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या होत्या. मास्तरीणबाईला मे महिन्यात दुसरं काय काम असतं!

पहिल्या दिवशी नवरा म्हणाला, "फोन करून टाक."

मी म्हटलं, "करते की. अजून महिना पडलाय."

तो म्हणाला, "आधीच उल्हास, त्यात अधिक मास."

माझ्या डोक्याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी ठरत नाही, हे मला गेल्या वर्षी कळलं, चाळिशी दारात येऊन उभी राहिल्यावर. नांदेडच्या डॉक्टरबाईंनी पाऊण तास प्रश्न विचारले आणि उत्तरं देता देता मी त्यांच्या टेबलावरच्या सगळ्या वस्तू उंचीप्रमाणे लावून टाकल्या. त्यांनी निदान सांगितलं तेव्हा मला इतका आनंद झाला की बसस्टँडवर मी नवऱ्याला दोनदा उसाचा रस पाजला. इतकी वर्षं मी स्वतःला आळशी समजत होते. पण आळशी माणूस एवढा पळतो का हो? मी तर सकाळपासून पळत असते, फक्त जे करायचं ते सोडून बाकी सगळ्या दिशांना.

गोळी सुरू झाली. नवऱ्याचं मेडिकलचं दुकान आहे, त्यामुळे गोळी संपली ही सबब चालत नाही. गोळीनं लक्ष लागतं हे खरं. पण ते कुठं लावायचं हे गोळी सांगत नाही. धोंड्याच्या महिन्याच्या दुसऱ्या दिवशी मी गोळी घेतली, फोन हातात घेतला, आणि तेवढ्यात कूलरचा खर्र आवाज आला. दुपारपर्यंत कूलर अंगणात सुटा होऊन पडला होता. जाळ्या धुतल्या, मोटारीला तेल दिलं, पंख्याची पाती घासून चकाचक केली. समोरच्या काकूंनी हे गॅलरीतून बघितलं आणि त्यांचाही कूलर आणून ठेवला. तोही खोलला. चारच्या उन्हात, बेचाळीस-त्रेचाळीसच्या तापमानात, मी घामानं निथळत दोन कूलर जोडले आणि मला अगदी जग जिंकल्यासारखं वाटलं. फोन तेवढा राहिला.

आता तुम्ही म्हणाल, फोनच तर होता, फक्त सुरुवात करायची. हे "फक्त सुरुवात कर" म्हणणारे लोक मला दिसले की माझं टाळकं सरकतं. अहो, सुरुवात हेच तर काम आहे! पुढचं मी करतेच की. पोहता न येणाऱ्याला काठावरून "फक्त तरंग" असं सांगण्यातला हा प्रकार.

काय होतं ते सांगते. मी विहीणबाईंचा नंबर काढते. मग वाटतं, आधी तब्येत विचारावी की उन्हाचं बोलावं? त्या मोठ्या, मानाच्या. त्या विचारणार, कोणता दिवस? दिवस सांगायचा तर अनारसे कधी होतील ते ठाऊक हवं. अनारशाला तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत वाळवायचे, कुटायचे, चाळायचे, गुळात मळून गोळा डब्यात मुरायला ठेवायचा. म्हणजे आधी तांदूळ. पण तांदूळ भिजवायचे तर दिवस ठरलेला हवा, नाहीतर पीठ आंबून जायचं. आणि दिवस ठरवायचा तर आधी फोन. असं माझं डोकं घाण्याच्या बैलासारखं फिरतं, आणि दोन फेऱ्यांत इतकं दमतं की मी उठून शेजारणीचं कपाट लावून देते.

डॉक्टरबाईंनी एक युक्ती सांगितली होती. काम मोठं वाटलं तर त्याचा इवलासा तुकडा करा आणि तेवढाच करा. मी ठरवलं, भिजवायचे नाहीत, नुसते तांदूळ काढून ओट्यावर ठेवायचे. ठेवले. पितळी डब्यात, झाकण उघडं, येता-जाता दिसतील असे. पहिल्या दिवशी दिसले. दुसऱ्या दिवशीही दिसले, आणि मला जरा लाज वाटली. पुढे ते ओट्याचाच भाग झाले. मीठ, तेल, चहापत्ती, तांदूळ. एका रविवारी नवऱ्यानं जेवायला हाक मारली. गरम गरम भात, वर वरण, तुपाची धार. मी दोनदा भात घेतला आणि म्हटलं, "आज तांदूळ कोणता हो? फार मऊ झालाय."

तो म्हणाला, "ओट्यावर होता तो. मला वाटलं, माझ्यासाठीच काढून ठेवलास."

अनारशाचे तांदूळ खाऊन आम्ही दोघं हसून हसून लोळलो. पण हात धुताना मी दिवस मोजले. पंधरवडा उलटला होता, आणि बहिणीचाही फोन नव्हता. एरवी ती आठवड्यातून दोनदा करते. बोलावणं आपल्या तोंडानं मागायचं नसतं, म्हणून ती गप्प होती. तिच्या गप्प बसण्याचा मला धाक बसला, आणि धाक बसला की फोन आणखी जड होतो. ज्यांना हा रोग नाही त्यांना ही गंमत समजायची नाही. काम जितकं राहतं तितकं ते फुगतं, आणि फुगलेलं काम दारातून आत येत नाही.

असं करता करता महिन्याचे शेवटचे दिवस आले. त्या सकाळी मी खरंच ठरवलं होतं. आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला, चांगली साडी नेसले (फोनवर साडी दिसत नाही हे मला कळतं, पण धीर येतो), पाटावर बसले आणि नंबर काढला. इतक्यात बाहेरून काकूंचा आवाज आला, "ए, पोखर्णीला येतीस का? टमटम थांबलाय, एक सीट हाय!"

मी चपला घालून रस्त्यावर होते. दुसऱ्याच्या कामाला सुरुवात करायला मला पळभर लागत नाही.

अधिक महिन्यात पोखर्णीच्या नरसिंहाला गर्दी असते. रांग मंडपाबाहेरून वळणं घेत गेली होती. वर हिरवी नेट बांधली होती तरी उन्हाचे चटके बसत होते. काकू पुढे, मी मागे, माझ्यामागे पालमहून आलेली एक म्हातारी, डोक्यावर पदर, हातात नारळाची पिशवी. मी तिला तिच्या गुडघ्यांचं विचारत होते, कारण परक्या माणसाशी बोलायला मला तयारी लागत नाही. रांग वळली आणि शेजारच्या ओळीत, बांबूच्या पलीकडे, हातभर अंतरावर माझ्या विहीणबाई उभ्या होत्या.

"अय्या, मास्तरीणबाई!" त्या म्हणाल्या. "तुमी बी आलात का?"

मी वाकून बांबूखालून नमस्कार केला. पळायला जागा नव्हती. पुढे काकू, मागे पालमची म्हातारी, दोन्ही बाजूंनी बांबू.

"मग, मुरलं का पीठ?" विहीणबाईंनी विचारलं.

कसलं पीठ, हे शब्द अगदी ओठावर आले होते.

"अनारशाचं हो! आमची सूनबाई रोज सांगती न. अक्काचा फोन आलता, तांदूळ भिजवलेत. अक्काचा फोन आलता, आज पाणी बदललं. मग वाळू घातले. मग कुटले. परवा म्हणली, गुळात मळून ठेवलंय, मुरायलंय. आमच्या समद्या घराला अनारशाचं पीठ पाठ झालंय बघा तिच्यामुळं."

मी महिनाभर एकही फोन केला नव्हता. जे अनारसे मी परभणीत करत नव्हते, ते माझी बहीण मानवतला बसून रोज थोडे थोडे करत होती. घरात सासू, जावा, पोरं ऐकताहेत, आणि ही एकटी आपल्या माहेराची लाज राखत रोज एक पायरी पुढे नेते आहे. माझे डोळे भरून आले.

"मग बोलावताव कवा?" विहीणबाई म्हणाल्या. "परवा तर अमावस्या. आमच्यात अमावस्येला धोंडा जेवत न्हाईत."

मुलाकडच्यांनी असं तोंडानं विचारायचं नसतं. ते त्यांनी का विचारलं, हे मला तेव्हा सुचलं नाही. मला एकच कळलं, की उरला एक दिवस. आणि सांगते तुम्हाला, त्या क्षणी माझ्या डोक्यातला घाणा थांबला. लख्ख. मोकळं रान संपून समोर भिंत आली, आणि भिंत आली की मला दार दिसतं.

"उद्या!" मी म्हटलं. "उद्याच या. जावईबापू, माझी बहीण, तुम्ही, सगळे या!"

सगळे म्हणताना मी हात जरा जास्तच पसरला असावा. कारण मागून पालमची म्हातारी म्हणाली, "आमी बी का?"

"तुमी बी या!" मी म्हटलं. "जोडीनं या!"

"मालकाला उद्या परभणीलाच दाखवायचंय दवाखान्यात," म्हातारी खुशीत म्हणाली. "पत्ता सांग बाई."

मी पत्ता सांगितला. काकूंनी कपाळावर हात मारला.

दर्शन झालं, देवाला काय मागितलं ते आठवत नाही. टमटममध्ये बसल्याबरोबर काकूंचा बांध फुटला. "उद्या? अगं, डोकं ठिकाणावर हाय का तुझं? पीठ कुठाय?"

"गल्लीत," मी म्हटलं. "धोंड्याचा महिना आहे काकू. प्रत्येकीच्या डब्यात थोडं थोडं उरलेलं असणार."

काकूंनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "हे मात्र खरंय."

मी अशी आहे. शाळेत एरवी मला कुणी विचारत नाही, पण तपासणीला साहेब फाटकात आले आणि काहीच तयार नसलं की मुख्याध्यापक पहिली हाक मला मारतात. बाकीच्यांचे हातपाय गळतात तेव्हा माझे सुरू होतात. घरी पोचल्याबरोबर मी नवऱ्याला फोन केला. हा फोन दुसऱ्या रिंगला लागण्याआधीच मी हरभऱ्याची डाळ भिजत टाकली होती. म्हटलं, उद्या धोंडा आहे, जावयाला कपडे आणा, बहिणीला साडी आणा, तांब्याचं ताट आणा, दिवा आणा.

"आणलंय," तो म्हणाला.

"कधी?"

"महिना लागला तेव्हाच. कपाटात वरच्या खणात हाय. मी म्हणलं, वेळ आली की लागंल."

पहिल्या दिवसापासून ते ताट माझ्या डोक्याच्या वर, कपाटात बसून होतं, आणि हा माणूस एक शब्द बोलला नाही. मला त्याचा राग आला, प्रेमही आलं, आणि दोन्ही करायला वेळ नव्हता.

काकूंनी संध्याकाळपर्यंत गल्ली पालथी घातली. कुणाकडे मूठभर, कुणाकडे वाटीभर, एकीकडे तर चांगला नारळाएवढा गोळा निघाला. ओट्यावर अनारशाच्या पिठाचे गोळे ओळीनं बसले. एक काळपट, जुन्या गुळाचा. एक पिवळट. एक इतका कडक की बत्त्यानं फोडावा लागला. एक सैल, बोटाला चिकटणारा. काकू म्हणाल्या, हे सगळे एकत्र मळू नकोस, एकाच्या खोडीनं दुसरे बिघडतील. मग त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी नुसती बसते. तू कर." डॉक्टरबाईंनीही हेच सांगितलं होतं, कुणी नुसतं जवळ बसलं तरी तुमचं काम होईल म्हणून. काकूंनी त्याची फी घेतली नाही, फक्त तीन वेळा चहा घेतला.

सकाळी उजाडताच कढई चढली. गोळी करायची, खसखशीवर थापायची, खसखस वर ठेवून तुपात सोडायची, उलटायची नाही. पहिला अनारसा सोडला आणि तो तुपात फाटून कढईभर पसरला. अनारसा असा विरघळला की आमच्याकडे म्हणतात, हसला. "हसला गं बाई!" काकू ओरडल्या. दुसराही हसला. तिसरा तर सोडायच्या आधीच हसायला लागला. आणि मीही. मला हसू आवरेना, झारा हातात धरून मी खिदळत होते, काकू रागावत रागावत हसत होत्या, आणि नवरा आंघोळ अर्धवट टाकून काय झालं बघायला आला.

"गूळ जास्त झालाय या बयेचा," काकू म्हणाल्या. "मूठभर तांदळाचं पीठ घाल." घातलं. चौथा टिकला. जाळी पडली, अशी सुंदर की मी तो हातावर घेऊन दिव्यासमोर धरला. कडक गोळ्यात केळं कुस्करून घातलं, तो मऊ झाला. काळपट गोळ्याचे अनारसे बिनतक्रार तळले गेले, त्या घरची बाई म्हणे सगळ्यांत भांडकुदळ. नवरा डोकं पुसत पुसत आला आणि अनारसे ताटात लावू लागला. त्याला दुकानात गोळ्या मोजायची सवय. एकेक उचलून, दोन्ही बाजूंनी तपासून, चिरा गेलेला दिसला की बाजूला ठेवायचा आणि म्हणायचा, "एक्स्पायरी." बाद झालेले आम्ही तिघं उभ्या उभ्या खात होतो. तेहतीस पुरे होता होता पुरण शिजलं, कणीक मळली, धोंडे वळले. घरभर तूप आणि वेलदोडा. अंगात कुठेही थकवा नाही. असा दिवस मला रोज द्या, मी राज्य चालवून दाखवीन. पण महिनाभराचं राज्य देऊ नका.

अकराच्या सुमारास जीप आली. बहीण आधी उतरली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. ती सरळ आत आली, देवघरापुढच्या ताटात अनारसे मांडलेले बघितले, आणि मग येऊन माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मी कळवळले. मागून जावईबापू आले, लाजत, नवा शर्ट इस्त्रीचा. विहीणबाई आल्या आणि सगळं घर एका नजरेत पाहून पाटावर बसल्या.

मी जावईबापूंच्या पायाखाली परात ठेवली, तेवढ्यात दारात आवाज आला, "हेच न्हवं का घर?"

पालमची म्हातारी होती. सोबत तिचा मालक, धोतर, टोपी, हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. म्हातारी माझ्याकडे बघून हसली. मी तिला कालपासून पार विसरले होते. मी काकूंकडे बघितलं.

"धोंड्याच्या महिन्यात दारात आलेलं जोडपं म्हंजे लक्ष्मी-नारायण," काकू हळूच म्हणाल्या. "दुसरा पाट मांड."

दुसरा पाट मांडला. जावईबापूंच्या शेजारी सत्तरीतला दुसरा जावई बसला. मी एकाचे पाय धुतले आणि दुसऱ्याचेही धुतले. म्हातारा पाय मागे घेऊ लागला. म्हणाला, "नगं, नगं. माझी सासुरवाडी कवाच संपली. वीस-पंचवीस सालं झाली, मला कुणी धोंड्याला बोलावलं न्हाई." मग त्यानं टोपी सारखी केली आणि पाय परातीत ठेवून दिले. म्हातारी पदरानं डोळे पुसत होती. विहीणबाईंनी आपल्या हातानं त्याच्या ताटात तूप वाढलं. वाण जावईबापूंच्या हाती गेलं, आणि नवऱ्यानं बाद केलेल्या अनारशांची एक पुडी बांधून म्हाताऱ्याला दिली. ती पुडी म्हाताऱ्यानं एक्स-रेच्या पाकिटात ठेवली.

जेवणं झाली. पुरुष पुढच्या खोलीत कूलरसमोर आडवे झाले. म्हातारी आणि विहीणबाई गुडघ्यांविषयी बोलत होत्या. मी स्वयंपाकघरात भांड्यांच्या ढिगापुढे बसले होते. बहीण आत आली, दार लोटलं आणि माझ्याशेजारी फरशीवर बसली.

"अक्का, खरं सांग. पीठ कुणाचं?"

"अख्ख्या गल्लीचं."

ती तोंडावर पदर धरून हसली. मग हसता हसता थांबली.

"मी रोज खोटं बोलायलते," ती म्हणाली. "पहिले आठ दिवस वाटलं, अक्का करतीच. मग वाटायलं, तिला न्हाईच जमलं तर? अनारसे तोंडानं किती दिवस करणार? पीठ मुरवून ठेवलं आणि मग पुढं काय सांगावं ते कळंना. आई असती तर..."

मला इतकं वाईट वाटलं की हातातला तांब्या मी उगाच दोनदा विसळला.

"आणि सासूबाईंना समदं माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"एक दिवस मी सांगितलं, दुपारी अक्काचा फोन आलता. त्या दुपारभर माझा मोबाईल त्यांच्याच हातात होता, रील बघायलत्या. त्यांच्या लक्षात आलं, पण काही म्हणल्या न्हाईत. काल निघताना मला बोलल्या, पोखर्णीहून येताना परभणीत तुझ्या अक्काच्या घरी डोकावते. मोठं माणूस कामात अडकलं की आपण जरा हात द्यावा."

म्हणजे रांगेत त्यांनी पीठ मुरलं का असं विचारलं ते, पीठ नाही हे ठाऊक असून. त्यांना उत्तर नको होतं, मला बोलावण्याची जागा करून द्यायची होती. मी लोटलेल्या दाराकडे बघितलं. पलीकडे त्या म्हातारीला कोणतं तेल लावायचं ते सांगत होत्या.

तेव्हा मी बहिणीला पहिल्यांदाच सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंचं, गोळीचं, ओट्यावरच्या तांदळाच्या भाताचं. म्हटलं, "काकूंचा कूलर मी अर्ध्या तासात खोलते. तो बिघडला तर माझं काय जातंय? पण तुझं काही चुकलं तर माझा जीव जाईल, म्हणून हातच लागत नाही. जितकं माणूस जवळचं, तितकं काम जड होतं. तुझ्यासाठी करायचा फोन तर मला उचलेचना."

ताटातला फुटका अनारसा तिनं उचलला, मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला आणि अर्धा आपण खाल्ला.

"मग असं कर अक्का," ती म्हणाली, "माझ्यावर जरा कमी जीव लाव."

मी हो म्हटलं. ते मला जमणार नव्हतं, पण हो म्हटलं.